कानामागून आली...

मंडळी, पुढे वाचण्याआधी एक काम करा. उजव्या हाताचं बोट उजव्या कानाच्या मागे टेकवा आणि हळूहळू खाली सरकवा. एक टणक, गोलसर उंचवटा लागेल. चष्मेवाल्यांना पटकन सापडेल, काडीचं वळलेलं टोक जिथे टेकतं त्याच्या आसपासच आहे. या हाडाचं नाव मॅस्टॉइड. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'स्तनासारखं'. जुन्या शरीरशास्त्रज्ञांच्या कल्पनाशक्तीबद्दल आपण न बोललेलं बरं. :-)

बाहेरून हे हाड दगडासारखं लागतं, पण आतून ते साधारण घावनासारखं असतं. जाळीच जाळी. हवेने भरलेल्या लहान लहान पोकळ्या, एकीला एक जोडलेल्या, आणि त्या सगळ्यांचा रस्ता पुढे पडद्यामागच्या कानात, म्हणजे मधल्या कानात, उघडतो. मधल्या कानातून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला जाते. म्हणजे सर्दी झालेलं नाक आणि कानामागचं हाड हे एकाच चाळीतले शेजारी आहेत, मध्ये फक्त एक लांबट व्हरांडा. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे त्यांचे कान मोठ्यांपेक्षा जास्त वेळा दुखतात, आणि कानामागचं हाड पिकण्याचा प्रकारही मुख्यतः त्यांच्यातच होतो.

आणि या चाळीचे पलीकडचे शेजारी कोण? वरच्या बाजूला पातळशा हाडाच्या पापुद्र्यापलीकडे मेंदूचं आवरण. मागच्या बाजूला मेंदूतलं रक्त खाली आणणारी जाडजूड शीर. आतल्या बाजूला ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र. आणि या सगळ्यातून वाट काढत जाणारी चेहऱ्याची नस, जी दुखावली तर त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि तोंड वाकडं होतं. इतकं महत्त्वाचं सामान इतक्या थोड्या जागेत कोंबलेलं शरीरात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आम्ही असं सॉफ्टवेअर लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये फाडून काढतील.

तर या जाळीत पू झाला की काय होतं आणि माणसाला ते ओळखायला आणि त्यावर उपाय करायला किती शतकं लागली, त्याची ही गोष्ट. गेले दोन-तीन वीकेंड मी याच विषयात अडकलो आहे. सुरुवातीला वाटलं होतं की ही एका ऑपरेशनच्या शोधाची गोष्ट असेल. पण ऑपरेशन तर कधीच सापडलं होतं. अडलं होतं वेगळ्याच ठिकाणी. ते पुढे येईलच.

कान दुखणं जिवावर बेतू शकतं हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथात एक निरीक्षण आहे: कानात तीव्र कळा आणि सोबत सतत चढता ताप असेल तर ते वाईट लक्षण. तरुण माणसं आठवड्याच्या आतच जातात, म्हातारी जरा उशिरा. पण कानातून पांढरा पू वाहू लागला तर वाचण्याची आशा धरावी. नीट विचार केला तर हे फार हुशारीचं आहे. पू बाहेर आला म्हणजे त्याला वाट मिळाली. वाट मिळाली नाही तर तो आत जाणार, आणि आत कोण राहतं ते वर आलंच आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यात कर्णस्राव आहे, पूतिकर्ण (घाण वासाचा पू वाहणारा कान) आहे आणि कर्णविद्रधी, म्हणजे कानातलं गळू, हेही आहे. थोडक्यात, दुखणं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या पूची वखार कानामागच्या हाडात असते, हे मात्र कळायचं होतं.

न कळल्याची किंमत किती मोठी असू शकते याचं एक उदाहरण फ्रान्सच्या गादीवर बसलं होतं. राजा दुसरा फ्रान्सिस जुलै १५५९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, गादीवर आला. त्याची बायको म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी. होय, तीच मेरी, जिचं डोकं पुढे १५८७ मध्ये इंग्लंडमध्ये उडवलं गेलं. नोव्हेंबर १५६० मध्ये ओर्लिआँ शहरी असताना या राजाचा कान दुखायला लागला. कान वाहत होता, ताप होता, वेदना असह्य होत्या. ५ डिसेंबरला तो गेला. सतरावा वाढदिवस काही आठवड्यांवर होता. त्या काळचा सर्वांत नामांकित सर्जन, आँब्रुआज पारे, त्याच्या उशाशी होता. कवटीला भोक पाडून पू काढायचा विचार झाला होता, पण राजमाता कॅथरीन द मेडिची तयार झाली नाही, असं सांगतात. पुढे नेहमीप्रमाणे अफवा उठली की पारेनेच राजाच्या कानात विष ओतलं. (हॅम्लेटच्या बापाला असंच कानात विष घालून मारलेलं आहे, ते आठवून बघा.)

या एका कानामुळे काय काय झालं? मेरीला १५६१ मध्ये स्कॉटलंडला परतावं लागलं. तिच्या मामांची, गीज घराण्याची, फ्रान्सच्या दरबारावरची पकड सुटली. गादीवर दहा वर्षांचा धाकटा भाऊ बसला आणि सत्ता राजमातेच्या हाती गेली. १५६२ मध्ये फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात जी युद्धं पेटली ती पुढे तीन तपं चालली. ती कदाचित तशीही पेटली असती, मी काही इतिहासकार नाही. पण मेरी फ्रान्सची राणी म्हणूनच म्हातारी झाली असती तर इंग्लंडच्या इतिहासाची बरीच पानं बदलली असती, एवढं म्हणायला हरकत नसावी.

असो. आता हाडाकडे येऊ.

कानामागचं हाड फोडून पू काढण्याची पहिली यशस्वी नोंद पॅरिसच्या जाँ-लुई पती या सर्जनकडे जाते, १७३६ च्या सुमारास. त्याचा ग्रंथ मात्र तो वारल्यानंतर चोवीस वर्षांनी, १७७४ मध्ये, छापून आला. दोनच वर्षांनी, १७७६ मध्ये, प्रशियाच्या सैन्यातल्या यासर नावाच्या सर्जनने एका सैनिकावर हेच केलं. सैनिकाचा कान वाहत होता, कानामागे गळू होतं. गळू कापल्यावर खाली हाड कुजलेलं लागलं. यासरने हाडाच्या आतपर्यंत वाट केली आणि पिचकारीने औषधी पाणी आत सोडलं. ते पाणी सैनिकाच्या नाकातून बाहेर आलं! तुम्ही-आम्ही वर जो व्हरांडा म्हणालो, त्याचा असा रोकडा पुरावा. सैनिक बरा झाला, आणि शिवाय त्याला पूर्वीपेक्षा चांगलं ऐकू यायला लागलं.

आणि इथेच घोटाळा झाला.

लोकांनी या गोष्टीतून चुकीचा धडा घेतला. 'हाडात साठलेला पू काढला म्हणून माणूस बरा झाला' हा खरा निष्कर्ष. पण युरोपभर पसरला तो दुसराच: 'कानामागच्या हाडाला भोक पाडलं की बहिऱ्याला ऐकू येतं.' झालं! ज्यांच्या कानात पू नाही, ताप नाही, सूज नाही, नुसतं ऐकू कमी येतं किंवा कानात गुणगुण होते, अशांच्या हाडांना भोकं पडायला लागली. लक्षण सुधारलं पण का सुधारलं ते तपासलं नाही, आणि तोच फिक्स सगळीकडे चिकटवला. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे दृश्य ओळखीचं वाटेल.

त्यात एक रुग्ण होते बॅरन योहान युस्ट फॉन बर्गर. डेन्मार्कच्या राजाचे खासगी वैद्य. त्यांना बहिरेपणा आणि कानातल्या आवाजांचा त्रास होता. स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाने हट्टाने हे ऑपरेशन करून घेतलं. १७९१ मध्ये. जखमेतून संसर्ग आत गेला, मेंदूच्या आवरणाचा दाह झाला आणि थोड्याच दिवसांत बॅरनसाहेब गेले.

एखादा अनाम शिपाई मेला असता तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण राजवैद्य मेल्यावर बोभाटा झाला. ऑपरेशन इतकं बदनाम झालं की पुढची सुमारे सत्तर वर्षं प्रतिष्ठित सर्जन त्याच्या वाटेला गेले नाहीत. ज्याला गरज नव्हती अशा एका माणसावर ते केलं गेलं, आणि ज्यांना खरोखर गरज होती अशा दोन-तीन पिढ्यांवर ते केलंच गेलं नाही. त्यात किती मुलं गेली असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा भाग हाच वाटतो. हत्यार होतं, हात होता, हाडही तेच. ते कुणावर वापरायचं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

(न्यायाचं बोलायचं तर त्या काळच्या सर्जनांची अडचणही समजून घ्यायला हवी. भूल देणं १८४६ पर्यंत माहीत नव्हतं. हत्यारं स्वच्छ करायची असतात हे लिस्टरने १८६७ मध्ये सांगितलं. रुग्णाला चौघांनी धरून ठेवायचं आणि मेंदूपासून काही मिलिमीटरवर गिरमिट चालवायचं. मी तरी पळून गेलो असतो.)

मधल्या काळात एक माणूस या रोगाकडे नीट बघत होता. डब्लिनचा विल्यम वाइल्ड. १८४४ मध्ये त्याने तिथे डोळे आणि कानाच्या गरीब रुग्णांसाठी सेंट मार्क्स हॉस्पिटल काढलं, १८५३ मध्ये कानाच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. तोवर कानाचं वैद्यक म्हणजे अर्धं भोंदूगिरीचं क्षेत्र होतं, कानात काहीबाही थेंब टाकून पैसे उकळणाऱ्यांचं. वाइल्डने शेकडो रुग्णांचे तपशील ठेवले, पडदे पाहिले, लिहून काढले. कानामागे सूज येऊन हाड दुखत असेल तर त्याने सांगितलेला उपाय म्हणजे कानामागे सरळ हाडापर्यंत खोल चीर देणं. 'वाइल्डची चीर' या नावाने ती पुढची अनेक वर्षं जगभर चालली. हाडाच्या आत तो शिरला नाही, पण पू हाड फोडून कातडीखाली आलेला असेल तर एवढ्यानेही पुष्कळांचा जीव वाचायचा. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. कान वाहतोय तोवर तो कुठे, कसा, कधी थांबेल आणि कशात संपेल, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वाक्य साधंच आहे, पण लक्षात ठेवा.

हाडाच्या आत शिरण्याचं धाडस परत केलं ते जर्मन डॉक्टरांनी. १८६१ मध्ये फॉन ट्रोल्च याने पुवाने भरलेलं मॅस्टॉइड उघडलं. आणि मग आला हॅले शहरातला हेर्मान श्वार्त्झे. १८७३ मध्ये त्याने आपला सहायक आयझेल याच्यासोबत जो लेख छापला, तिथून आजचं मॅस्टॉइडचं ऑपरेशन सुरू होतं असं मानतात.

श्वार्त्झेने काय वेगळं केलं? दोन गोष्टी. पहिली गोष्ट हत्यारांची. आधीचे लोक टोकदार सळई किंवा गिरमिट वापरायचे. गिरमिटाचा दोष असा की भोक पडेपर्यंत आत काय आहे ते दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा तुम्ही भलत्याच खोलीत पोचलेले असता. श्वार्त्झेने छिन्नी आणि हातोडी घेतली. पाथरवटासारखी एक एक पातळ कपची काढायची, थांबायचं, बघायचं, पुढची कपची. वर रुंद आणि आत निमुळता होत जाणारा, नरसाळ्यासारखा खड्डा. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर उजेड आत पोचतो आणि डोळ्यांना दिसतं. ऐकायला अगदी किरकोळ बदल आहे. पण आंधळेपणाने भोसकणं आणि बघत बघत उघडणं यात जीव जाण्या-राहण्याचा फरक आहे.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोठी. ऑपरेशन कधी करायचं हे त्याने लिहून ठेवलं. कानामागे सूज, गळू, ताप, हटत नसलेल्या वेदना, पुवाला वाट नसल्याची चिन्हं. हे असेल तर करा. नुसत्या बहिरेपणासाठी, कानातल्या आवाजासाठी करू नका. बर्गरसाहेबांचं भूत अशा रीतीने ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी बाटलीत गेलं.

पुढची पंचवीस वर्षं नुसती झुंबड आहे. १८८१ मध्ये म्यूनिखच्या बेत्सोल्डने दाखवलं की पू कधी कधी हाडाच्या खालच्या टोकातून फुटून मानेच्या स्नायूंखाली उतरतो. म्हणजे रुग्ण मान सुजली म्हणून येतो आणि मूळ असतं कानात. जुनाट, वर्षानुवर्षं कुजणाऱ्या कानांसाठी आणखी मोठी ऑपरेशनं आली. ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेनने १८९३ मध्ये मेंदूतल्या पुवावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि हाडाच्या पृष्ठभागावर एक छोटा त्रिकोण आखून दिला. इथून आत गेलात तर सरळ मुख्य पोकळीत पोचाल, इकडेतिकडे सरकलात तर जबाबदारी तुमची.

आता विल्यम वाइल्डच्या त्या वाक्याकडे परत. या वाइल्डला एक मुलगा होता. ऑस्कर.

हो, तोच. नाटककार ऑस्कर वाइल्ड. १८९५ मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात असताना त्याचा उजवा कान बिघडला. चॅपेलमध्ये चक्कर येऊन पडला आणि कानाला मार लागला असं म्हणतात. कानाची तक्रार आधीपासूनचीही असू शकेल. १८९६ मध्ये रेडिंगच्या तुरुंगातून त्याने गृहखात्याला जो अर्ज पाठवला त्यात लिहिलं होतं की कानात गळू होऊन पडदा फाटला आहे, त्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, आणि तुरुंगाचे डॉक्टर म्हणतात आम्ही काही करू शकत नाही. ज्याच्या बापाच्या नावाची चीर प्रत्येक कानाच्या डॉक्टरला पाठ होती, तो कैदी कानासाठी औषधाची भीक मागत होता.

सुटल्यावर तो फ्रान्समध्ये राहिला, खोट्या नावाने, कफल्लक अवस्थेत. १० ऑक्टोबर १९०० रोजी पॅरिसच्या ओतेल दाल्सासमधल्या त्याच्या खोलीतच त्याच्या कानाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये नाही, हॉटेलच्या खोलीत. नेमकं कोणतं, हे कागदांवर राहिलेलं नाही, पण मॅस्टॉइडचंच असावं असा अभ्यासकांचा कयास आहे. नंतर रोज ड्रेसिंग चाललं. मध्ये जरा हिंडाफिरायलाही लागला होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डोकं भयंकर दुखायला लागलं, तो बरळायला लागला. डॉक्टरांनी लिहून ठेवलं की उजव्या कानाच्या जुन्या पुवामुळे हे मेंदूत गेलं आहे आणि आता कवटी उघडण्यातही अर्थ नाही. ३० नोव्हेंबरला तो गेला, वय ४६. हॉटेलचं बिल थकलेलंच होतं.

पुढे बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की तो गुप्तरोगाने मेला. १९८७ मध्ये आलेल्या त्याच्या गाजलेल्या चरित्रातही तेच आहे. बदनाम माणसाला बदनाम रोगच शोभतो, असा काहीतरी हिशोब असावा. २००० साली, मृत्यूला शंभर वर्षं होताना, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी सगळी लक्षणं आणि तारखा परत मांडल्या आणि दाखवलं की हा सरळसरळ जुनाट कान-रोग मेंदूत शिरल्याचा प्रकार आहे. मला ही मांडणी पटते. चार-पाच वर्षं वाहणारा कान, ऐकू न येणं, ऑपरेशन, मग डोकेदुखी आणि भ्रम. बापाने १८५३ मध्ये ज्याची भीती घातली होती, ते सगळं ओळीने.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये कानामागे पट्ट्या बांधलेली मुलं हे रोजचं दृश्य होतं. छिन्नीची जागा हळूहळू विजेच्या ड्रिलने घेतली. १९२१ मध्ये स्टॉकहोमच्या निलेनने कानाच्या ऑपरेशनसाठी सूक्ष्मदर्शक वापरला. शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप पहिल्यांदा आला तो कानासाठी, हे मला तरी माहीत नव्हतं. आणि मग १९३५ मध्ये सल्फा औषधं आली, १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, आणि दहा-पंधरा वर्षांत हे वॉर्ड ओस पडले. आजीच्या पिढीत ज्याने घरात रडारड व्हायची, ते नातवाच्या पिढीत पाच दिवसांच्या सिरपवर आलं. आता त्यात लसीचीही भर आहे. कान पिकवणारा मुख्य जंतू म्हणजे न्यूमोकोकस, आणि त्याची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर आली.

मग प्रश्न सुटला का? नाही ना. उलट एक नवाच पेच आला. प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक द्यायचं का? ब्रिटनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये एक अभ्यास आला. त्याचा हिशोब असा: मॅस्टॉइडची एक केस टाळायची तर सुमारे ४,८०० कानदुख्यांना अँटिबायोटिक द्यावं लागेल. म्हणजे एक वाचवायला बाकीच्या हजारोंच्या पोटात उगाच औषध, आणि जंतू निर्ढावणार ते वेगळंच. म्हणून बऱ्याच देशांत दोन वर्षांवरच्या, फार आजारी नसलेल्या मुलाला आधी वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस नजर ठेवतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. मॅस्टॉइड झालेल्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांचीच आधी कान पिकल्याची नोंद डॉक्टरकडे होती. बाकीच्यांचं थेट कानामागूनच आलं. आणि तिखट झालं.

आपल्याकडचा पेच याच्या बरोबर उलटा आहे. आपल्याकडे 'कान फुटलाय' हे वाक्य 'सर्दी झालीय' इतक्या सहज म्हटलं जातं. लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडायचं, कापसाचा बोळा घालायचा, आणि 'मोठा झाला की थांबेल' म्हणायचं. फाटक्या पडद्याच्या कानात तेल ओतणं म्हणजे काय, हे वरचं सगळं वाचल्यावर सांगायला नको. नाहीतर मग केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणायचं आणि ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बंद करायचं. यातून एक छुपा प्रकार होतो. ताप नाही, कान फारसा वाहत नाही, मूल खेळतंय, पण हाडाच्या आत मंद आचेवर शिजतंच आहे. हा प्रकार ओळखायला डॉक्टरांनाही अवघड जातो.

उघड प्रकार मात्र घरातल्या माणसालाही ओळखता येतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या चार वर्षांच्या मुलीचं गेल्या पावसाळ्यात झालं. सर्दी, मग कानदुखी, मग बरं वाटलं, मग परत ताप. तिची आई सकाळी वेण्या घालत होती तेव्हा तिला दिसलं की एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय आणि जरा खाली झुकलाय. आरशात समोरून बघितलं की कळतं, बाजूने बघून कळत नाही. कानामागची घडी भरून आली होती, कातडी लाल आणि गरम, आणि हात लावताच पोरगी किंचाळली. ही माउली तेल गरम करत बसली नाही, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेली. पुस्तकात जी लक्षणं असतात ती हीच. यांच्या जोडीला डोकेदुखी, उलट्या, चक्कर, गुंगी किंवा चेहरा एका बाजूला ओढला जाणं यातलं काही असेल तर सकाळची वाटही बघायची नसते.

तिला दाखल करून घेतलं, सीटी स्कॅन झाला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. भूल देऊन पडद्याला बारीक छेद देऊन मधल्या कानातला पू काढला आणि तो तपासायला पाठवला. म्हणजे हिपोक्रेटिसवाल्यांनी ज्याची आशा धरायला सांगितली होती, ती वाट मुद्दाम करून दिली. दोन दिवसांत ताप उतरला, आठवड्याने ती घरी आली. हाडाला हात लावावा लागला नाही.

ज्यांना लागतो, म्हणजे हाडाबाहेर गळू झालेलं असतं किंवा दोन दिवसांत औषधाला दाद मिळत नाही, त्यांचं हाड आजही उघडतात. मायक्रोस्कोपखाली, ड्रिलने. सोबत चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र लावता येतं. हे शिकणारे डॉक्टर आधी मृतदेहाच्या कानशिलाच्या हाडांवर तासन् तास हात बसवतात. वरचं मेंदूचं छप्पर कुठे, मागची शीर कुठे, हे आधी शोधायचं, आणि त्या दोन्हींना न दुखावता एक एक थर खरवडत मधल्या पोकळीपर्यंत उतरायचं, वर रुंद आणि आत निमुळतं. ड्रिल पहिल्यांदा टेकवायचं कुठे, तर मॅकइवेनच्या त्याच त्रिकोणात.